दंगलीनंतर मोहल्ला समिती कशी उभारावी: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

दंगल शमली की आठवडाभरात पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. दोन्हीकडची वजनदार माणसं एका रांगेत बसतात, एकोप्याची भाषणं होतात, सद्भावना फेरीची तारीख ठरते. ज्याचं दुकान जळालं तो त्या खोलीत नसतो. ज्या गल्लीतून दगड आले त्या गल्लीतलंही कोणी नसतं. पुढच्या सणाला त्याच नाक्यावर पुन्हा बंदोबस्त लावावा लागतो आणि मग लोक म्हणू लागतात, या दोघांचं कधी जुळायचंच नाही.

न जुळण्याचं कारण बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असतं. फेरी, क्रिकेटचा सामना, एकत्र इफ्तार, मंडळाच्या मांडवात सत्कार या सगळ्या गोष्टी शेवटी करायच्या. आपण त्या आधी करतो. नुकसानीची नोंद, तक्रारी, परत येणाऱ्यांची सोय ही कामं आधीची, आणि ती कोणीच करत नाही. हा लेख या क्रमाबद्दल आहे. वस्तीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि बीटवरच्या पोलिसांसाठी तो लिहिला आहे.

मांडणीला आधार भिवंडी आणि मुंबईतल्या कामाचा आहे. यंत्रमागाचं भिवंडी शहर १९७० मध्ये पेटलं आणि १९८४ मध्ये पुन्हा पेटलं. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना ते शांत राहिलं. तिथे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली सुमारे ७० मोहल्ला समित्या, म्हणजे दोन्ही समाजांतले रहिवासी आणि पोलीस नियमित एकत्र बसतील अशा समित्या, बांधल्या होत्या. मुंबईत हे काम दंगलीनंतर सुरू झालं. १९९४ च्या सुमारास तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी त्यात पुढाकार घेतला. म्हणजे एकीकडे समित्या भडक्याआधी तयार होत्या, दुसरीकडे घाव ताजे असताना बांधाव्या लागल्या. तुमच्या गावाची स्थिती दुसऱ्या प्रकारची आहे असं धरून पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत.

सुरुवातीपूर्वी: काय हाताशी हवं

चार-पाच माणसं, दोन्ही समाजांतली. त्यात किमान दोन बायका. फौजदारी काम समजणारा एक वकील, निदान फोनवर तरी. दोन जाड रजिस्टरं. आणि एक वर्ष. तीन महिन्यांचा उपक्रम म्हणून याकडे पाहणार असाल तर सुरू करू नका. अर्ध्यावर सोडलेली समिती नसलेल्या समितीपेक्षा वाईट असते, कारण पुढच्या वेळी लोक दार उघडत नाहीत.

पक्षाचा पदाधिकारी या चार-पाचांत नको. तो चांगला माणूस असला तरी नको. निवडणूक आली की त्याच्यावर ताण येतो, आणि तुमच्या कामावर त्याच्या पक्षाचा शिक्का बसतो.

पायरी १: आधी नुकसानीची नोंद

पहिले दहा-पंधरा दिवस एकोप्याचा शब्दही काढू नका. ज्याच्या हातगाडीचा कोळसा झाला आहे त्याला 'झालं गेलं विसरा' हे वाक्य अपमानासारखं लागतं. त्याला आत्ता पंचनामा हवा आहे.

घरोघरी जा. प्रत्येक कुटुंबाचं एक पान करा. काय जळालं, काय लुटलं, कोण जखमी, कोणत्या दवाखान्यात नेलं, कोणती कागदपत्रं गेली हे सगळं त्यात लिहा. तारखेसह फोटो काढून ठेवा. मलबा उचलण्याआधी पंचनामा झालाय ना, हे स्वतः पाहा. नगरपालिकेची गाडी दुसऱ्याच दिवशी येते, रस्ता साफ होतो आणि त्याबरोबर पुरावाही जातो.

त्यानंतर तक्रार. गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. खबर देणाऱ्याला प्रथम खबरी अहवालाची (एफआयआरची) प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात नोंद झाली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात, पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची. त्यानेही काम झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जायचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, वांशिक हिंसाचाराचे किंवा जातीय अत्याचाराचे बळी यांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्राधिकरणाचा फोन १५१००.

दुकानाचा किंवा गाडीचा विमा असेल तर कंपनीला लगेच लेखी कळवा. दंगलीतलं नुकसान आपल्या पॉलिसीत बसू शकतं हे अनेक छोट्या दुकानदारांना माहीत नसतं आणि ते दावाच करत नाहीत. गाडीचा विमा फक्त तृतीय पक्षाचा (थर्ड पार्टी) असेल तर मात्र त्यातून गाडीची भरपाई मिळणार नाही. हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे हेलपाटे वाचतील. रेशनकार्ड, आधार, शाळेचे दाखले यांच्या दुय्यम प्रतींसाठी वस्तीतच एक दिवस शिबिर लावता आलं तर उत्तम. त्या एका दिवसात तुमच्यावर जितका विश्वास बसेल तितका भाषणांनी बसणार नाही.

*सावधान:* नोंद दोन्ही बाजूंची करा, आणि एकाच फॉर्मवर करा. एका बाजूचं नुकसान दहापट असेल तर आकडे दहापट दिसू द्या, ते समसमान करायला जाऊ नका. पण दुसऱ्या बाजूचं एकच घर जळालं असेल तर त्या घरीही तितकाच वेळ बसा.

*तपासा:* प्रत्येक नुकसानग्रस्त कुटुंबाकडे पंचनाम्याची किंवा तक्रारीची निदान एक प्रत आहे का? नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी २: वेगवेगळं ऐकणं

दोन्ही बाजूंना पहिल्याच दिवशी समोरासमोर बसवणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. खोलीत आरोप होतात, कोणीतरी उठून जातं, आणि 'बोलून पाहिलं, उपयोग नाही' हा शेरा कायमचा चिकटतो.

आधी त्यांच्याकडे स्वतंत्रपणे जा. गल्लीगल्लीत, पाच-सहा माणसांच्या घोळक्यात बसा. बायकांशी वेगळं बोला, पोरांशी वेगळं बोला. प्रश्न साधे ठेवा. त्या रात्री तुम्हाला काय कळलं होतं? कोणी कळवलं? आता कशाची भीती वाटते? 'कोणी सुरू केलं' हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर शोधणं पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे.

ऐकताना दोन गोष्टी रजिस्टरमध्ये वेगळ्या टिपा. पहिली, भडक्याच्या आधीपासून धुमसणारी स्थानिक भांडणं. अतिक्रमण, उकिरडा, पाण्याची वेळ, एखाद्या मुला-मुलीचं प्रकरण, उधारी अशी ती असतात. मोठ्या दंगलीला गल्लीत जळण मिळतं ते बहुधा यांतून. दुसरी, मदत केलेली माणसं. कोणी शेजाऱ्याला घरात लपवलं, कोणी जमावापुढे उभं राहिलं, कोणी जखमीला रिक्षातून नेलं. त्यांची नावं जाहीर करू नका, त्यांना त्यांच्याच समाजात त्रास होतो. पण समितीची खरी माणसं तीच आहेत.

पायरी ३: हद्द आखा, मग माणसं निवडा

इथे घाई करू नका. समिती पुढे चालणार की नाही, हे याच पायरीवर ठरतं.

हद्द लहान ठेवा. एका समितीकडे चालत पाच मिनिटांत ओलांडता येईल एवढाच भाग असावा. पूर्ण गावाची एकच समिती केली की त्यात पुढारी येतात, कारण एवढ्या मोठ्या भागात ओळखीचे तेवढेच असतात. भिवंडीत एकच मोठी समिती न करता सुमारे ७० केल्या, त्यामागचा विचार हाच होता. आणि हद्द अशी आखा की वादाची सीमा समितीच्या मधोमध येईल. रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरी अशा दोन समित्या झाल्या, तर तुम्ही दोन छावण्या बांधल्या.

माणसं कशी निवडावी? ज्यांच्याकडे रोज लोक येतात ती घ्या. रेशन दुकानदार, चहावाला, अंगणवाडी सेविका, आशाताई, केमिस्ट, रिक्षा स्टँडवरचा जुना चालक, शाळेतले शिपाईमामा, बचत गटाची अध्यक्ष. भिवंडीत असाल तर यंत्रमागाचा मालक, त्याच्याकडचा कामगार आणि सूत विकणारा व्यापारी, तिघंही. धंद्यात रोज एकमेकांवर अवलंबून असलेल्या माणसांना बाजार बंद पडण्याची किंमत नेमकी ठाऊक असते. मंडळाचे कार्यकर्ते आणि मशिदीचे विश्वस्त हवेतच, पण बहुसंख्येने नकोत. धर्मगुरूंना सल्ल्यासाठी बोलवा, समिती त्यांच्या हाती देऊ नका.

दोन्ही समाजांची संख्या सारखी ठेवा, वस्तीत प्रमाण कसंही असो. बायका किमान एक तृतीयांश. पंचविशीखालची पोरं चार-पाच तरी हवीत, आणि त्यांत कट्ट्यावर बसणारीही हवीत. दंगलीत धावलेली पोरं नकोत असं लगेच म्हणू नका. ज्याच्यावर गंभीर गुन्हा आहे त्याला समितीत घेता येणार नाही हे बरोबर, पण त्याच्या मित्राला बाहेर ठेवलं तर तो उद्या कुठे असेल याचा विचार करा.

*नेहमीची चूक:* 'दोन्ही समाजांचे प्रतिनिधी' म्हणून माणसं घेणं. प्रतिनिधी म्हणून आलेला माणूस प्रतिनिधीसारखाच बोलतो, त्याला आपल्या बाजूचं राखावं लागतं. त्याला गल्लीचा रहिवासी म्हणून बोलवा.

*तपासा:* यादीतली दहा नावं घ्या आणि वस्तीतल्या एखाद्या आजींना विचारा. निम्म्या माणसांना त्या ओळखत नसतील तर यादी पुन्हा करा.

पायरी ४: पोलिसांची जागा

पोलिसांशिवाय समिती केली तर अडचणीच्या रात्री तिचा फोन कोणी उचलत नाही. ती पोलिसांच्याच हाती दिली तर लोक तिला खबऱ्यांची टोळी समजतात. मधला मार्ग आहे. बीट अंमलदार प्रत्येक बैठकीला हजर असावा, वरिष्ठ निरीक्षक दोन-तीन महिन्यांतून एकदा यावा. अंमलदार गणवेशात आला तरी खुर्ची सगळ्यांसारखीच.

पहिल्याच बैठकीत एक नियम सर्वांसमोर सांगा. समितीत बोललेलं कोणाच्या जबाबात जाणार नाही, आणि समिती कोणाची नावं पोलिसांना पुरवणार नाही. एखाद्याला गुन्ह्याची माहिती द्यायची असेल तर त्याने ठाण्यात जाऊन स्वतंत्रपणे द्यावी. हा नियम वरिष्ठ निरीक्षकांच्या तोंडून वदवून घ्या.

दंगलीत पोलिसांच्याच वागण्याबद्दल तक्रारी असतात. त्या दाबून पुढे जाता येत नाही. एक पूर्ण बैठक त्यासाठी ठेवा. अधिकाऱ्याने ऐकावं, खुलासे देत बसू नये. कठीण आहे, पण वर्षानुवर्षांची गाठ सुटायला सुरुवात होते ती अशा बैठकीत.

पायरी ५: पहिल्या सहा बैठकांचे विषय

नळाची वेळ. तुंबलेलं गटार. बंद पडलेला पथदिवा. शाळेबाहेर लागणारी वाहनं. पहिल्या सहा बैठकांत हेच घ्या. दंगलीचा विषय कोणी काढला तर ऐका, पण तुम्ही काढू नका.

याचं कारण सरळ आहे. एकमेकांवर विश्वास ठेवा असं सांगून विश्वास बसत नाही. मोर्शीकर काकू आणि शबानाबी मिळून वॉर्ड ऑफिसात गेल्या, अर्ज दिला आणि आठ दिवसांत दिवा लागला, असं काही घडलं (ही नावं उदाहरणादाखल) की त्या दोघींकडे एकमेकींचा नंबर असतो. पुढच्या अफवेच्या रात्री तो नंबर लागतो.

बैठक महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. जागा आलटून पालटून घ्या: शाळा, मंडळाचं कार्यालय, मदरशाचं अंगण, समाजमंदिर. काही घडलेलं नसतानाही बैठक झालीच पाहिजे. फक्त सणाच्या तोंडावर भरणारी समिती बंदोबस्ताचा भाग होऊन बसते.

*तपासा:* सहाव्या बैठकीपर्यंत निदान एक नागरी काम तडीस गेलं का? नसेल तर आणखी छोटं काम हाती घ्या.

पायरी ६: गेलेली कुटुंबं परत येताना

भीतीने घर सोडून गेलेल्यांना 'या परत, आम्ही आहोत' असा निरोप पाठवून भागत नाही. ती आधी दिवसा येऊन घर पाहून जातात, मग पुरुष राहतात, मग मुलंबाळं येतात. या प्रत्येक वेळी दुसऱ्या समाजातला एक शेजारी सोबत असावा. वीज, पाणी आणि दरवाजा आधी दुरुस्त करा. शाळेत मुलांची नावं कापली गेली असतील तर मुख्याध्यापकांना भेटा.

या काळात घरं पडत्या भावात घेणारे दलाल फिरतात. कुटुंबाला सांगा: विकायचं असेल तर तुमचा हक्क आहे, पण सहा महिने थांबा. एकदा दोन्ही समाज वेगवेगळ्या वस्त्यांत विभागले गेले की समितीला एकत्र बसवायला गल्लीच उरत नाही. मुंबईत १९९३ नंतर अनेक कुटुंबं मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली. त्यातली बहुतेक परतली नाहीत.

पायरी ७: अफवेसाठी साखळी

व्हॉट्सअॅप ग्रुप करा, पण केवळ त्यावर विसंबू नका. इंटरनेट बंद होतं तेव्हा ग्रुपही बंद होतो. कागदावर साखळी हवी. कोण कोणाला फोन करणार, कोण प्रत्यक्ष जाऊन पाहणार, कोण ठाण्याला कळवणार. 'अमुक नाक्यावर अमक्याला मारलं' अशी बातमी आली की दोन माणसं, प्रत्येक समाजातलं एक, जागेवर जातात आणि एकाच वाक्यात कळवतात. खरं असेल तर खरंच कळवा. खोटी शांतता राखण्यासाठी खरी बातमी लपवली तर साखळी पुन्हा कधी उपयोगी पडणार नाही.

पायरी ८: पहिली मिरवणूक

भिवंडीत ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरच्या घोषणा आणि गुलाल यांवरचा वाद त्याआधी काही वर्षं चालत आला होता. मिरवणुकीचा वाद मिरवणुकीच्या दिवशी सुटत नाही, हे यातून घ्यायचं.

दीड महिना आधी सुरुवात करा. आयोजक, समिती आणि अंमलदार मिळून मार्ग पायी चाला. प्रत्येक प्रार्थनास्थळासमोर, प्रत्येक अरुंद बोळाशी थांबा आणि तिथेच ठरवा: वाद्य किती वेळ, थांबायचं की पुढे जायचं, कोणती गाणी नकोत, कमानी आणि झेंडे कुठवर. ठरलेलं कागदावर आणा, आयोजकांच्या सह्या घ्या. ध्वनिक्षेपकाची रात्री १० ची मर्यादा आणि त्यातली सवलत कोणत्या दिवशी आहे हे आधीच तपासा, त्यावरून शेवटच्या तासात हमखास जुंपते.

स्वयंसेवक दोन्ही समाजांतले हवेत. पण दुसऱ्या समाजाचे स्वयंसेवक मिरवणुकीत घुसवू नका, त्यांना त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या दाराशी उभं करा. आपल्या पोरांना आवरण्याचं काम आपल्याच माणसांनी करायचं.

तडजोड ही एका बाजूची जबाबदारी होऊ देऊ नका. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला, आणि राज्य सरकारनेही ईदची सुट्टी २९ तारखेला दिली. असा समजूतदारपणा एकाने दाखवला की पुढच्या वर्षी दुसऱ्याने काय करायचं, हे त्याच बैठकीत बोलून ठेवा. सदान्‌कदा एकाच बाजूने माघार घेतली तर ती सवय समजली जाते आणि मनात साचत राहते.

फेरी, क्रिकेटचे सामने, एकत्र इफ्तार आणि आरतीचं निमंत्रण यांची वेळ ही पहिली मिरवणूक नीट पार पडल्यानंतर येते.

खटल्यांबद्दल: इथे थांबा

'दोन्हीकडच्या केसेस मागे घेऊ आणि मोकळे होऊ' असा प्रस्ताव कोणीतरी आणतंच. खून, बलात्कार, जाळपोळ, दंगल करणं आणि धार्मिक तेढ पसरवणं हे गुन्हे आपसांत मिटवता येत नाहीत. साक्षीदाराने फिरावं म्हणून समितीने दबाव आणला तर तो स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे, ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला कळतं की या समितीची शांतता आपल्या तोंडावर हात ठेवून आणली आहे.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतल्या समित्या बांधाचे, वाटपाचे, किरकोळ मारामारीचे तंटे मिटवायला उपयोगी पडतात. त्यांच्याकडे गंभीर गुन्हे नेऊ नका. पुरस्कारासाठी मिटवलेल्या तंट्यांचा आकडा वाढवण्याचा मोह होतो, तो टाळा. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराचं प्रकरण असेल तर 'गावात मिटवू' हा शब्दच नको. अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार आणि टप्प्याटप्प्याने मिळणारी मदत हा पीडिताचा हक्क आहे.

समितीने करायचं ते वेगळंच. साक्षीदाराला न्यायालयात न्यायला-आणायला सोबत द्या. त्याला धमक्या येत असतील तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करायला मदत करा. प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तारखांचा तक्ता ठेवा. खटला सुरू आहे म्हणून गल्लीतलं बोलणं थांबवावं लागत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू राहू शकतात.

पायरी ९: अधिकाऱ्याची बदली होते तेव्हा

चांगला अधिकारी जातो आणि समिती विरते, असं महाराष्ट्रात पुन:पुन्हा झालं आहे. भिवंडीत खोपडे यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या चालू ठेवल्या, म्हणून त्या १९९२ मध्ये कामाला आल्या. त्याच शहरात जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून भडका उडाला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं गेली, आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना मारलं. जागेचा असा वाद गल्लीतल्या लोकांना महिनोन् महिने आधी माहीत असतो. तो वेळेत वर पोचवणारी वाट उघडी आहे ना, हे दर वर्षी नव्याने पाहावं लागतं.

म्हणून रजिस्टर समितीकडे ठेवा, ठाण्यात नाही. नवा अधिकारी रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात पाच जणांनी जाऊन भेटा. आधीच्या बैठकांच्या वह्या, मिरवणुकीचे सह्या केलेले कागद आणि गल्लीतल्या धुमसणाऱ्या वादांची ताजी यादी त्यांच्यापुढे ठेवा, आणि पुढच्या बैठकीची तारीख तिथेच ठरवून या. दर वर्षी एक तृतीयांश सदस्य बदला. पोरांना रजिस्टर लिहायला द्या. दंगलीला एक वर्ष होईल त्या तारखेच्या आठवड्यात दोन बैठका ठेवा. त्या दिवसांत जुने व्हिडिओ पुन्हा फिरू लागतात, आणि ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांच्याकडे कोणीतरी जाऊन बसायला हवं असतं. दोन्ही बाजूंच्या घरी.